डॉक्टरांना सांगू की नको

कंपाउंडर म्हणजे काय, हे आता समजावून सांगावं लागतं. हल्ली औषधं कारखान्यात तयार होऊन चकचकीत कागदात गुंडाळून येतात. आमच्या वेळी ती दवाखान्याच्या मागच्या खोलीत तयार व्हायची. पुढच्या खोलीत डॉक्टर नाडी बघायचे, जीभ बघायचे, चिठ्ठी लिहायचे. ती चिठ्ठी भिंतीतल्या लहानशा खिडकीतून माझ्याकडे यायची. मग बरण्यांतून अर्क आणि क्षार मोजून घ्यायचे, खलात घोटायचे, बाटलीत भरून पाणी घालायचं आणि बूच मारायचं. बाटलीला दातेरी कापलेली कागदाची पट्टी चिकटवायची. औषध एक दात खाली उतरलं की एक मात्रा संपली. बाटली रोग्यानं घरून आणायची, आणि त्या बाटल्यांनी माझं निम्मं आयुष्य खाल्लं. कुणाच्या बाटलीला रॉकेलचा वास, कुणाच्या बाटलीत तेलाचा तवंग. एक मास्तर तर शाईची बाटली घेऊन आले आणि वर मलाच म्हणाले, "धुतलीय की!" त्यांच्या खोकल्याचं औषध निळं झालं. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणतात, "कालचं औषध जास्त भारी होतं, तेच द्या."

अशा गमती पुष्कळ सांगता येतील. पण या अंकाच्या संपादकांनी आठवणी मागितल्यावर माझ्या मनात आले ते चारच महिने. एकोणीसशे पस्तीसच्या आसपासचे. मी नाशकात एका डॉक्टरांकडे आठ वर्षं होतो आणि दुसरीकडे नोकरी बघत होतो. हे डॉक्टरांना सांगायचं की नाही, एवढाच प्रश्न होता. तो सोडवताना मी जे जे केलं ते आठवलं की अजून स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

आमचा दवाखाना रविवार कारंज्यापाशी. डॉक्टर केशवराव म्हणजे साठीला टेकलेला, उंच, गोरा, विधुर माणूस. घरी मोठी बहीण, तिला सगळे अक्का म्हणत. डॉक्टरांच्या हाताला गुण होता यात शंका नाही. सायखेड्यापासून बैलगाड्या जुंपून माणसं यायची. पण तोंड! रोग्यांशी लोण्यासारखं बोलणारा हा माणूस खिडकीकडे वळला की निखारा व्हायचा. "दामू, बोटं आहेत की भेंड्या?" "दामू, बाटली भरतोयस की विहीर?" महिन्यातून दोनदा तरी ते मला "उद्यापासून येऊ नकोस" असं सांगत. पहिल्या वर्षी मी खरंच गेलो नाही, तर दहा वाजता टांगा घेऊन दारात हजर. "काय रे, मेलास का? तिथे माणसं खोळंबलीत!" जो माणूस महिन्यातून दोनदा आपल्याला काढून टाकतो, त्याची नोकरी सोडायची कशी, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

सोडायचं ठरवलं ते एका सोमवारी. डॉक्टरांनी चिठ्ठीत एक औषध लिहायचं राहून गेलं, रोग्याला उतार पडला नाही, आणि भरल्या दवाखान्यात ते माझ्यावर ओरडले, "औषध चोरतोस का?" त्यांनी लिहिलेली चिठ्ठी माझ्या हातात होती. मी ती दाखवलीसुद्धा नाही. दाखवली असती तर चारचौघांत त्यांचं नाक कापलं गेलं असतं. पण घरी येताना गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, पुलावर थांबून मनाशी म्हटलं, बस्स झालं.

त्याच सुमारास नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या दवाखान्यात कंपाउंडरची जागा निघाली. राहायला घर आणि नावाआधी 'मिस्टर'. मी कंपाउंडरची परीक्षा दिलेली नव्हती, सगळं हातानं शिकलेलो. तरी अनुभव असला तर चालेल असं जाहिरातीत होतं. अर्जात एक रकाना होता: सध्या कुणाकडे नोकरीस आहात. इथून माझ्या हालांना सुरुवात झाली.

पहिला सल्ला अब्दुल गनीचा. हा आम्हाला बुचं, आणि बाटली विसरून येणाऱ्या रोग्यांसाठी जुन्या बाटल्या पुरवायचा. जुन्या नाशकात त्याचं दुकान होतं. त्याच्या दुकानातल्या खोक्यावर बसून मी हळू आवाजात सगळं सांगितलं.

गनी म्हणाला, "दामूभाऊ, तो रकाना कोरा सोडा. मालकाला कळता कामा नये. तुमचा डॉक्टर भला माणूस आहे, मगर डोकं गरम. आज कळलं तर आज बाहेर. तिकडची नोकरी नाय भेटली तर काय करणार? माझ्याबरोबर बुचं विकणार?"

"पण खोटं कसं लिहू?"

"खोटं कुठं? कोरं म्हणतोय मी."

घरी बायकोला, सुशीलेला, विचारलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सांगून टाका. आठ वर्षं त्यांचं अन्न खाल्लंय. बाहेरून कळलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

दोघांचंही मला पटलं. हीच माझी खोड. मी रकान्यात डॉक्टरांचं नाव खरं लिहिलं आणि डॉक्टरांना काही सांगितलं नाही. म्हणजे दोघांचाही निम्मा निम्मा सल्ला घेतला आणि दोन्हीकडचा धोका मात्र पुरता पदरात पाडून घेतला. अर्ज पेटीत टाकल्यावर हे माझ्या लक्षात आलं.

मग ठरवलं, कारखान्याचं पत्र डॉक्टरांना यायच्या आत आपणच सांगायचं. एकदा सकाळी रोगी यायच्या आधी गेलो. "साहेब, एक सांगायचं होतं."

"बुचं संपली ना? गनीला सांग."

"बुचं नाहीत, साहेब."

"मग बाटल्या. अरे, हे मला काय सांगतोस?" आणि टोपी घालून कुणाच्या तरी घरी रोगी बघायला निघून गेले.

आठवड्यानं पुन्हा प्रयत्न केला. या वेळी शब्द घोकून गेलो होतो. "साहेब, घरचा विचार करता, आता पुढची काही व्यवस्था बघायला हवी असं..."

डॉक्टरांनी हातातला पेन खाली ठेवला. चेहरा असा फुलला की आठ वर्षांत कधी पाहिला नव्हता. "अरे वा! कितवा महिना?"

मी आ वासून उभा. आमच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. डॉक्टरांनी "पुढची व्यवस्था"चा अर्थ तोच घेतला. मी नाही म्हणायच्या आत त्यांनी आत हाक मारली, "अक्का, दामूकडे गोड बातमी आहे!" अक्का बाहेर आल्या, माझ्या पाठीवरून हात फिरवला, डोळ्यांना पदर लावला. त्या बाईपुढे मी काय बोलणार? संध्याकाळी साजूक तुपाचा डबा आणि डिंकाचे लाडू घेऊन अक्का स्वतः पंचवटीत आमच्या बिऱ्हाडी आल्या. सुशीला दारात. तिला काहीच माहीत नाही. अक्का गेल्यावर ती माझ्याकडे बघत राहिली. नंतर दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी स्वतः जाऊन तिनं अक्कांना सांगितलं, की ह्यांचा काहीतरी घोटाळा झाला. लाडू परत द्यायला गेली होती. अक्कांनी घेतले नाहीत. सांगा, एका नोकरीपायी कुणाकुणाला दुखवायचं माणसानं?

मधल्या काळात माझ्या नव्या नोकरीची बातमी सगळ्या नाशकाला लागली होती. टांगेवाला विचारायचा, "कधी निघताय?" गोरेराम गल्लीतल्या एक म्हाताऱ्या बाई खिडकीत डोकं घालून कुजबुजल्या, "तू जाणार म्हणे! जाण्याआधी माझं ते लाल औषध कागदावर लिहून दे बाबा." मी हात जोडायचो, गप्प बसा म्हणायचो. सगळ्या गावाला ठाऊक, ठाऊक नाही ते फक्त डॉक्टरांना.

आणि अशातच कोंडाजीबाबा आले.

कोंडाजीबाबा सायखेड्याचे, आमचे जुने रोगी. या वेळी त्यांनी सहा वर्षांच्या नातवालाही आणलं होतं. दोघांनाही हगवण. "डाक्टरसायब, लय जोर केलाय. पोरगं तर पार गळून गेलंय. चार दिस झाले, पोटात काय ठरत नाय." डॉक्टरांनी दोघांना तपासलं, दोन चिठ्ठ्या लिहिल्या, खिडकीतून सरकवल्या.

हगवणीला तेव्हा अफूचा अर्क देत. मोठ्या माणसाला वीस-पंचवीस थेंब चालायचे. लहान मुलाला दोन-तीन थेंब, तेही जपून. जास्त झाला तर मूल झोपतं ते उठत नाही. मी चिठ्ठ्या बघितल्या. नातवाच्या नावावर वीस थेंब. आजोबांच्या नावावर दोन.

हातातला मोजपेला मी खाली ठेवला आणि दोन्ही चिठ्ठ्या घेऊन पुढच्या खोलीत गेलो. हळूच म्हटलं, "साहेब, नावांची अदलाबदल झालीय वाटतं."

"तुला डॉक्टर व्हायचंय का? दे लिहिलंय तसं."

"नाही देणार, साहेब."

खोलीत पाच-सहा माणसं होती. कोंडाजीबाबा नातवाला घेऊन बाहेर ओट्यावर बसले होते. डॉक्टरांनी चिठ्ठ्या माझ्या हातातून ओढल्या. आणि मग मी जे पाहिलं ते विसरता येत नाही. त्यांनी एक चिठ्ठी नाकाला लागेल इतकी जवळ धरली. मग दारातल्या उजेडाकडे वळवली. मग तिरकी केली. डोळे बारीक करून, ओठ हलवत, एकेक अक्षर चाचपावं तसं ते वाचत होते. पहिलीतला मुलगा वाचतो तसं. शेवटी म्हणाले, "ठीक आहे. बदल." आवाज नेहमीचाच चढा होता, पण चिठ्ठ्या परत देताना त्यांनी माझ्या हाताच्या वीतभर बाजूला हात केला. मी माझा हात तिथे नेला.

कोंडाजीबाबा दोन्ही बाटल्या घेऊन गेले. आठ दिवसांनी येऊन नातू खेळायला लागल्याचं सांगून गेले. त्यांना काहीच कळलं नव्हतं.

मला मात्र आता सगळं दिसायला लागलं. गेलं वर्षभर टपाल आलं की डॉक्टर म्हणत, "वाच रे, चष्मा बदलायचाय." संध्याकाळी दिवे लागायच्या आत दवाखाना बंद करू लागले होते. घसा बघायचा असला की रोग्याला उठवून दारात नेत. चोरीचा आळ घेतला तेव्हाही औषध लिहायचं राहिलेलं त्यांना दिसलंच नव्हतं. मोतीबिंदू. कुणीही ओळखला असता. पण डॉक्टरांच्या डोळ्यांत निरखून बघतो कोण?

मी काय केलं? काहीच बोललो नाही. प्रत्येक चिठ्ठी दोनदा तपासायला लागलो. शंका आली की रोग्यालाच खिडकीत बोलावून वय, दुखणं विचारून घ्यायचो आणि निमूट दुरुस्ती करायचो. आपण फार मोठं काम करतोय असं वाटायचं. आणि त्याच वेळी रोज टपालाकडे बघत बसायचो, कारखान्याचं उत्तर आलं का म्हणून. आपण गेल्यावर या चिठ्ठ्या कोण तपासणार, हा विचार मनात यायचा. आला की मी तो बरणीचं झाकण लावावं तसा बंद करायचो.

उत्तर आलं, पण मला नाही. डॉक्टरांना आलं.

सकाळचं टपाल. लांबट पाकीट, इंग्रजी टंकलेखन, कोपऱ्यात 'खासगी'. डॉक्टरांनी पाकीट फोडलं, कागद जवळ धरला, लांब धरला आणि माझ्यापुढे केला. "वाच रे काय आहे ते."

मॅट्रिकला मी गणितात नापास झालो होतो, पण इंग्रजी माझं बरं होतं. पहिल्याच ओळीत माझं नाव होतं. आपल्याकडे नोकरीस असलेल्या या गृहस्थांनी आमच्याकडे अर्ज केला आहे, त्यांच्या कामाविषयी आणि वर्तनाविषयी आपलं स्पष्ट मत गुप्तपणे कळवावं.

गुप्तपणे! तो कागद माझ्याच हातात होता आणि मीच तो मोठ्यानं वाचून दाखवायचा होता. मी खोकलो.

"काय आहे?"

"जाहिरात आहे, साहेब. मुंबईची कंपनी. थर्मामीटर स्वस्त झालेत म्हणतात."

"किती?"

"बरेच."

"मग मागव अर्धा डझन. मागचा तू फोडलास."

आता नसलेल्या कंपनीकडून नसलेले थर्मामीटर मागवायचे! मी पत्र खिशात घातलं. दुपारपर्यंत ते खिशात इस्त्रीच्या कोळशासारखं भाजत होतं.

दुपारी घरी जेवायला गेलो. सुशीलेला सांगितलं. वाटलं, ती म्हणेल, बरं झालं निभावलं. तिच्या हातात भाताचं पातेलं होतं, ते तिनं खाली ठेवलं.

"त्यांना दिसत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"कधीपासून?"

"महिना झाला असेल."

"आणि त्यांना दिसत नाही म्हणून त्यांचंच पत्र त्यांना खोटं वाचून दाखवलंत?"

मी म्हटलं, "नोकरीचा प्रश्न आहे."

"कुणाच्या नोकरीचा?" तिचा आवाज चढला. ती कधी ओरडत नसे. "न दिसणारा डॉक्टर रोज पन्नास माणसं तपासतोय, लेकरांना औषधं लिहून देतोय. आणि तुम्हाला काळजी कसली? तर आपलं कळेल, याची! नोकरीचं सांगा नाहीतर सांगू नका. ते राहू द्या. पण हे तुम्ही महिनाभर पोटात ठेवलंत?"

मी पानावरून उठलो. पुलावरून परत येताना मला तिचा राग आला, गनीचा राग आला, डॉक्टरांचा आला, कारखान्याचा तर फारच आला. साधी नोकरी बदलायची होती मला. लोक बदलतात की! पण सबंध पूल ओलांडेपर्यंत माझा हात खिशातल्या पत्रावरच होता.

दवाखाना चारला उघडायचा. मी तीनलाच पोचलो. डॉक्टर पुढच्या खोलीत आरामखुर्चीत एकटेच बसले होते. मी खिशातून पत्र काढलं.

"साहेब, सकाळचं पत्र पुन्हा वाचतो."

"थर्मामीटरचं?"

"थर्मामीटर नाहीत, साहेब."

आणि मी वाचलं. पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत, इंग्रजीतून, मग मराठीतून. डॉक्टर कान देऊन ऐकत होते. मी संपवल्यावर म्हणाले, "सकाळी तू खोकलास, तेव्हाच वाटलं काहीतरी आहे. तू खरं वाचताना खोकत नाहीस." आणि मग स्फोट झाला. आठ वर्षं, घरच्यासारखा, अक्का तुला मुलगा मानते, पाठीमागे अर्ज, आणि वर मला फसवतोस! "चालता हो! आत्ताच्या आत्ता! पुन्हा पायरी चढलास तर..."

"जातो, साहेब. पण एक सांगून जातो."

"काही सांगू नकोस!"

"तुम्हाला दिसत नाही."

डॉक्टर आरामखुर्चीत मागे टेकले. मग खुर्चीच्या दांड्यावरून हात फिरवत म्हणाले, "कुणाकुणाला सांगितलंस?"

"बायकोला. तेही आजच."

"तुला कधी कळलं?"

"कोंडाजीबाबांच्या नातवाच्या वेळी."

"मला त्याच्या आधीपासून माहीत आहे."

आता ओरडायची पाळी माझी होती. आठ वर्षांत पहिल्यांदा मी ओरडलो. "मग बोलला का नाहीत, साहेब? ते पोर मेलं असतं!"

"आणि तू का नाही बोललास?"

"भीती वाटली."

"मलाही," ते म्हणाले. "डॉक्टरला दिसत नाही हे एकदा गावात कळलं, की मग डॉक्टर राहतो कुठे? आणि तू होतास. चिठ्ठी चुकली तर दामू औषध देणार नाही, हे मला ठाऊक होतं. तू दुरुस्त करतोस हेही मला कळत होतं. तू आहेस तोवर चाललंय, असं मी धरून चाललो होतो."

मी महिनाभर जे उपकार म्हणून करत होतो, त्याच्याच जोरावर ते खुर्चीत बसत होते. मी पहिल्या दिवशी बोललो असतो तर महिन्यापूर्वीच दवाखाना थांबला असता. दुसऱ्या कुणाच्या चिठ्ठीत माझ्या नजरेतून काही निसटलं असेल का, हे मी अजूनही स्वतःला विचारतो. निसटलं नसावं. खात्री नाही.

चार वाजले. बाहेर माणसं जमली होती. डॉक्टर उठले, स्वतः दारात गेले आणि म्हणाले, "आज दवाखाना बंद. मला बरं नाही." माणसं कुरकुरत गेली. दार लावून ते परत आले.

"कागद घे."

"कशाला, साहेब?"

"त्यांनी मत विचारलंय ना? लिही."

मी लिहायला बसलो. त्यांनी इंग्रजीत सांगितलं, मी माझ्याच हातानं माझ्याविषयी लिहिलं. हा मनुष्य हट्टी आहे. वाद घालतो. कामाला हळू आहे. इथे मी थांबलो.

"हळू कुठे, साहेब?"

"मी सांगतोय की तू? लिही!"

लिहिलं. पुढे त्यांनी सांगितलं: मात्र आठ वर्षांत याच्या हातून चुकीचं औषध एकदाही गेलेलं नाही. एकदा मी चूक केली असताना यानं माझ्या तोंडावर औषध द्यायला नकार दिला. आपल्या डॉक्टरांना हे चालणार असेल तर याला अवश्य घ्यावं. चालणार नसेल तर आपण डॉक्टर बदलावा.

शेवटचं वाक्य गाळू का, असं मी विचारलं. त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं, म्हणजे माझ्या आवाजाच्या दिशेला. सही कुठे करायची ते मी बोट ठेवून दाखवलं.

त्यानंतरचे तीन आठवडे आम्ही दवाखाना आवरला. नवीन रोगी घेतले नाहीत. जुन्यांना कुठल्या डॉक्टरांकडे जायचं ते सांगितलं. प्रत्येकाची औषधं मी वेगळ्या कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून दिली. गोरेराम गल्लीतल्या बाईंनी त्यांच्या लाल औषधाचा कागद डोक्याला लावला. गनी उरलेल्या बाटल्या न्यायला आला, तेव्हा मी त्याला सगळी हकीकत सांगितली. तो म्हणाला, "मी सांगितलं होतं ना, तो रकाना कोरा सोडा." एवढंच! बाकी काही त्याला महत्त्वाचं वाटलंच नाही. मी कपाळाला हात लावला.

कारखान्यानं मला पहिल्या तारखेपासून बोलावलं. डॉक्टरांचं ऑपरेशन मुंबईला ठरलं, तेही त्याच आठवड्यात. मी म्हटलं, मी मुंबईला येतो, कारखान्याला आठ दिवस मागून घेतो. ते उसळले. "पहिल्याच तारखेला उशिरा गेलास तर मी दिलेला दाखला खोटा ठरेल. अक्का आहे बरोबर."

ऑपरेशन बरं झालं, हे आधीच सांगून टाकतो. एका डोळ्यानं त्यांना पुन्हा चांगलं दिसायला लागलं, जाड भिंगाचा चष्मा लागला. वर्षभरानं त्यांनी दवाखाना पुन्हा उघडला आणि परीक्षा पास झालेला कंपाउंडर ठेवला. त्यालाही ते महिन्यातून दोनदा काढून टाकतात, असं अक्कांच्या पत्रात असायचं. मी कारखान्यात रिटायर होईपर्यंत राहिलो. तिथले डॉक्टर शांत स्वभावाचे होते. चूक दाखवली तर "थँक्यू" म्हणायचे. कधीकधी मला ते आळणी वाटायचं.

पण माझ्या लक्षात राहिलंय ते नाशिकरोडचं स्टेशन. एकाच दिवशी ते मुंबईकडे निघाले होते आणि मी मनमाडकडे. त्यांची गाडी आधी होती. मी त्यांचं सामान चढवलं. वळकटी नीट बांधली नाही म्हणून ते माझ्यावर ओरडले, फिरकीच्या झाकणाचा तांब्या उजवीकडे का ठेवला म्हणून ओरडले. अक्का खिडकीशी बसल्या होत्या, त्यांनी माझ्या हातात लाडवांचा डबा दिला. मी वाकून दोघांना नमस्कार केला आणि खाली उतरून खिडकीपाशी उभा राहिलो.

गार्डानं शिट्टी दिली तेव्हा डॉक्टरांनी खिडकीतून तोंड बाहेर काढलं. "दामू, आहेस का रे?"

"आहे, साहेब. इथेच आहे."

"तू चार महिने मला सांगू की नको करत होतास ना? तो गनी नको म्हणाला, तुझी बायको सांगा म्हणाली. मला सुशीलेनं सगळं सांगितलंय. पहिल्याच दिवशी येऊन सांगितलं असतंस, तर मी काय केलं असतं, ठाऊक आहे?"

"काय केलं असतंत, साहेब?"

"हाकलून दिलं असतं. त्याच दिवशी. आणि पुन्हा आणायलाही आलो नसतो."

"म्हणजे सांगितलं नाही तेच बरं झालं?"

"असं मी कुठे म्हटलं, गाढवा? सांगायलाच हवं होतंस!"

गाडी हलली. मी खिडकीबरोबर चार पावलं चाललो, पण ते तोंड आत घेऊन अक्कांना वळकटीबद्दल काहीतरी सांगत होते. माझी गाडी यायला दोन तास होते. ते दोन तास मी फलाटावरच्या बाकावर बसून त्यांना मनातल्या मनात चोख उत्तर देत होतो. एकही जमलं नाही.